टोलची मार्गिका आणि जलद बस

प्रश्न : अमेरिकेत महामार्गांवर टोलची स्वतंत्र मार्गिका काढल्यानंतर जलद बसगाड्यांचे प्रवासी वाढले, असे वाचनात आले. मडगाव-पणजी शटल बसला अशी मार्गिका मिळाल्यास आपल्याकडेही तसेच घडेल काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्याकडे टोल म्हणजे नाक्यावर भरायची ठरलेली रक्कम. तेथील या मार्गिकांचा दर मात्र गर्दी वाढली की चढतो आणि ओसरली की उतरतो, कारण मार्गिका तुंबू न देणे हाच त्याचा हेतू असतो. बसला टोल भरावा लागत नाही, परंतु मोटारवाल्यांना लावलेल्या दरामुळे मोकळ्या राहिलेल्या रस्त्याचा लाभ तिला आपोआप मिळतो.

मायामीचे उदाहरण बोलके आहे. तेथे आय-९५ महामार्गावर एकाहून अधिक माणसे असलेल्या मोटारींसाठी राखीव मार्गिका होती, पण तीही तुंबत असे. २००८ च्या अखेरीपासून तिच्या जागी टोलच्या मार्गिका सुरू झाल्या आणि गोल्डन ग्लेड्स ते शहराचा मध्यभाग या टप्प्यावर बसला लागणारा वेळ सुमारे २५ मिनिटांवरून ८ मिनिटांच्या आसपास आला. मात्र २०१० मध्ये शेजारच्या ब्रोवर्ड परगण्यातून बस न बदलता थेट शहरात नेणाऱ्या नव्या फेऱ्याही सुरू झाल्या, त्यामुळे वाढलेल्या प्रवाशांचे सारे श्रेय मार्गिकेला देता येत नाही. सॅन डिएगोने तर आय-१५ वरील टोलच्या उत्पन्नातूनच जलद बससेवा चालवली. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याला टोल परवडत नाही त्याच्याही पदरात त्यातून काही पडते.

आता आपल्या शटलकडे पाहू. जुवारी नदीवरील नव्या पुलाच्या मार्गिका डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्यावर कुठ्ठाळी-आगशी दरम्यानची जुनी कोंडी बरीच सुटली. उरलेला वेळ जातो तो मेरशीहून पणजीच्या बसस्थानकात शिरताना. शिवाय कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, खिडकीवर तिकीट काढून पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचा प्रवास रांगेत पाऊल ठेवल्यापासूनच सुरू झालेला असतो, आणि तो वेळ कोणत्याही मार्गिकेने वाचत नाही. म्हणून माझ्या मते शहराच्या तोंडाशी केवळ बससाठी राखलेली छोटी मार्गिका आणि सायंकाळच्या वाढीव फेऱ्या यांना प्राधान्य हवे. टोलचा विचार पुढे झालाच, तर त्यातील ठरावीक वाटा फेऱ्यांसाठी राखण्याची तरतूद पहिल्याच दिवशी कायद्यात असावी.

प्रश्न : टोल न भरणाऱ्या बसमुळे त्या मार्गिकेचे उत्पन्न बुडत नाही काय?
— एक वाचक, वेर्णा

उत्तर : नाही. चाळीस प्रवाशांची बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींइतकीच जागा घेते. तेच चाळीस जण आपापल्या मोटारीने निघाले, तर मार्गिका भरून जाईल आणि ज्या मोकळ्या वाटेसाठी लोक पैसे मोजतात ती वाटच उरणार नाही.