बाटलीवर वेळ लिहिलेली असू दे

या महिन्याच्या पत्रांतली तीन एकाच प्रश्नाभोवती फिरतात. किडनीला अचानक इजा झाली तर ती कळते कधी, आणि ती आधी कळावी म्हणून कोण काय करतंय? म्हणून तिन्ही एकत्र घेते. दुसरं पत्र एका विद्यार्थिनीचं आहे. त्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात माझं निम्मं आयुष्य आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६७, मधुमेह) बायपास झाली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, किडनी ठीक आहे. तिसऱ्या दिवशी १.९, चौथ्या दिवशी ३.२, आणि डायलिसिसची भाषा सुरू झाली. सुदैवाने ती वेळ आली नाही, बाबा आता घरी आहेत. पण किडनी अशी एका रात्रीत बिघडते का? की कुणाच्या आधी लक्षात यायला हवं होतं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : एका रात्रीत नाही. इजा बहुधा ऑपरेशनच्या वेळीच झाली असणार. तुमच्या हातात तिचा कागद पडायला दोन दिवस लागले.

क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ; ते स्नायूंतून दिवसभर एका संथ गतीने रक्तात येत असतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. वरून बारीक धार चालू आहे आणि खालचा नळ कुणी अर्धा बंद केला. पातळी वाढणार, पण लगेच डोळ्यांत भरणार नाही. क्रिएटिनिनचं असंच होतं. शिवाय ऑपरेशनमध्ये भरपूर सलाईन गेलेलं असतं, त्याने रक्तातला आकडा आणखी पातळ होतो. माणूस वयस्कर आणि अंगाने बारीक असेल तर मुळात क्रिएटिनिन तयारच कमी होतं. म्हणून १.१ हा आकडा एका रुग्णात निर्धास्त करणारा, तर दुसऱ्यात काळजीचा असू शकतो. तो आधी किती होता, यावर सगळं ठरतं.

आम्ही डॉक्टर जी व्याख्या वापरतो ती २०१२ची, केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर किडनीला तीव्र इजा झाली असं मानायचं. सत्तर किलोच्या माणसाला ताशी ३५ मिलिलिटर. हा तिसरा निकष फुकटचा आहे, युरोबॅगवर, म्हणजे लघवीच्या पिशवीवर, दिसतो, आणि अनेकदा क्रिएटिनिनच्या आधी बोलतो. आयसीयूत दर तासाला लघवी मोजून लिहिणारी सिस्टर तुमच्या वडिलांच्या किडनीवर सगळ्यांत बारीक लक्ष ठेवून असते.

कुणाकडून हयगय झाली का, हे तीन आकड्यांवरून मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशीचं १.१ बघून बहुतेक डॉक्टरांनी तेच म्हटलं असतं. दोष त्या तपासणीच्या स्वभावात आहे, आणि त्यावर जगभर पंचवीसेक वर्षं काम चालू आहे. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुम्ही आता एवढं करा. ऑपरेशनला तीन महिने झाले की क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन पुन्हा तपासा. आकडा खाली आला म्हणजे प्रकरण मिटलं असं समजू नका. अशी इजा होऊन गेलेल्या माणसाला पुढे कायमचा किडनीविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गुडघे दुखतात म्हणून बाबांना मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून देऊ नका. आणि उद्या त्यांचा कुठेही डाय घालून सीटी स्कॅन ठरला, तर ही हकिगत आधी सांगा.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याला राहते, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला नेफ्रॉलॉजी (किडनीविकार) करायचंय आणि बायोमार्करवर, म्हणजे रक्त-लघवीत दिसणाऱ्या आजाराच्या खुणांवर, संशोधनही. आई म्हणते, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. एक सीनियर म्हणाला, वीस वर्षं झाली, अजून सगळे क्रिएटिनिनच बघतात, मग त्यात आहे काय? परदेशी जावंच लागतं का? सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा सीनियर म्हणतो ते खरं आहे, आणि नेमकं तिथूनच सुरू करू.

२००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. प्रसाद देवराजन यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. हृदयाचं ऑपरेशन झालेली ७१ मुलं. त्यांतल्या २० जणांच्या किडनीला इजा झाली. क्रिएटिनिनवरून ती ओळखायला एक ते तीन दिवस लागले. पण लघवीतलं एनगॅल नावाचं प्रथिन हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) सुरू झाल्यावर दोन तासांतच चढलेलं होतं. मी तो निबंध वाचला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि मला झोप आली नाही. ज्या दोन दिवसांत आपण हात चोळत बसतो, ते दोन दिवस कुणीतरी परत मिळवून देत होतं.

आता हा निबंध तू पुन्हा वाच, पण आकड्यांसाठी नको. तो इतका लख्ख का निघाला ते शोध. मुलं होती. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आधीचा किडनीचा आजार नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, इजेची वेळ माहीत होती. हार्ट-लंग मशीन कधी चालू झालं हे भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलेलं होतं. लघवीची बाटली कोणत्या तासाची ते ठाऊक होतं.

मग हीच तपासणी मोठ्या माणसांत गेली. २०११ साली डॉ. चिराग पारिख यांच्या गटाने हृदयाच्या ऑपरेशनच्या १,२१९ प्रौढ रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात लघवीतल्या एनगॅलची ती चमक राहिली नाही. कामाला येतं, पण मुलांतल्यासारखं लख्ख नाही. याचं एक कारण त्या प्रथिनाच्या जन्मकथेत आहे. एनगॅल पहिल्यांदा सापडलं ते किडनीत नव्हे, रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींत, १९९३ साली, डेन्मार्कमध्ये. किडनीच्या इजेशी त्याचं नातं दिसलं ते दहा वर्षांनी, उंदरांत. म्हणजे लघवीत जंतुसंसर्ग असला, सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग) असला, तरी ते चढणार. डॉ. जोसेफ बोनव्हेंट्रे यांच्या गटाने १९९८ साली दाखवलेलं किम-१ हे प्रथिन किडनीच्या नलिकांशी जास्त इमानी आहे, पण जरा सावकाश वर येतं. २०१३ साली ३४० प्रथिनं चाळून त्यांतली टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ ही जोडी निवडली गेली. तिच्या चाचणीला २०१४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. एनगॅलला तिथे मान्यता मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, तीही तीन महिने ते २१ वर्षं या वयासाठी. २००५ ते २०२३. तुझ्या आईला हे अंतर जरूर सांग, कारण या वाटेवर चालणाऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे.

आणखी एक अवघड गोष्ट. नवं मार्कर खरं की खोटं हे आपण ठरवतो कशावरून? क्रिएटिनिनवरून! ज्याच्यावर भरवसा नाही म्हणून बाहेर पडलो, त्यालाच पंच नेमतो. मार्कर चढलं आणि क्रिएटिनिन चढलं नाही, तर मार्कर चुकलं, की इजा झाली पण क्रिएटिनिनला दिसली नाही? दोन्ही शक्य आहे. यावर ज्याला रात्र रात्र विचार करावासा वाटतो, त्याने या विषयात यावं.

'लवकर कळून करायचं काय' हाही रास्त प्रश्न आहे. इजा भरून काढणारं औषध आजही नाही. पण २०१७ साली जर्मनीतून आलेला प्रिव्हएकेआय हा रुग्णांवरचा अभ्यास बघ. ऑपरेशननंतर मार्कर चढलेल्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीची काळजी घेतली. निम्म्यांना रक्तदाब, पाणी, साखर काटेकोर सांभाळणं, आणि किडनीला बाधणारी औषधं टाळणं असा पूर्ण नेम लावला. किडनीची इजा ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ टक्क्यांवर आली. नवं औषध एकही नव्हतं. फक्त कुणाकडे आधी बघायचं ते कळलं होतं.

आता आपल्याकडे ये. तुझ्या कळव्याच्या रुग्णालयात जुलै-ऑगस्टमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात उभी राहा. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुताप), मलेरिया, डेंगी, जुलाबाने कोरडे पडलेले, शहापूर-मुरबाडकडून घोणस चावून आलेले. इथे किडनीची इजा ऑपरेशन थिएटरमध्ये होत नाही, घरी होते, शेतात होते, आणि रुग्ण पोचतो तेव्हा ती किती तासांची आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. वेळ माहीत नसलेल्या रुग्णात, वेळेवर बेतलेलं मार्कर वाचायचं कसं? अंगात जंतुसंसर्ग असताना एनगॅलचा आकडा किती मानायचा? लेप्टोत तर अनेकदा लघवी चांगली होत राहते आणि पोटॅशियम उलट कमी होतं. म्हणजे युरोबॅग बघूनही फसायला होतं. हे प्रश्न बॉस्टनमध्ये बसून सुटायचे नाहीत, कारण हे रुग्ण तिथे नाहीत. ते तुझ्या लोकलच्या अंतरावर आहेत.

आणि महागडं किटच हवं असंही नाही. २०१३ साली फ्युरोसेमाइड स्ट्रेस टेस्ट आली. पाण्याची कमतरता नसलेल्या आयसीयूतल्या रुग्णाला फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचा मोजून एक डोस द्यायचा आणि दोन तासांत २०० मिलिलिटर लघवी होते का ते बघायचं. नाही झाली, तर इजा वाढत जाण्याची शक्यता मोठी. औषध काही रुपयांचं. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर एमडी मेडिसिन, मग डीएम (नेफ्रॉलॉजीतली पुढची पदवी), मग परदेशात उंदरांच्या किडन्यांवर काम, आणि परत ठाण्याला. परदेशाने मला पद्धत शिकवली. प्रश्न मात्र तिथे सापडला नाही. तो इथल्या डायलिसिसच्या खाटेशी सापडला. जावंच लागतं असं नाही, पण चांगल्या प्रयोगशाळेत एक-दोन वर्षं मिळत असतील तर सोडू नकोस. सुरुवात आत्ताच करता येते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची एसटीएस ही दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनाची योजना एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठीच आहे. विषय लहान घे. वॉर्डात किती रुग्णांचं आधीचं क्रिएटिनिन उपलब्ध असतं, एवढा घेतलास तरी डोळे उघडतील. संख्याशास्त्र कुणावर सोडून देऊ नकोस, स्वतः शीक. पुढे डीएमनंतर इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणच्या फेलोशिप डॉक्टरांना रुग्ण न सोडता संशोधन करू देतात.

काम दिसतं कसं, तेही सांगते. सकाळी ओपीडी, दुपारी डायलिसिसचा राऊंड, मग एथिक्स कमिटीचे कागद. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकाला, ज्याचं लक्ष काचेच्या दारावर आहे त्याला, संमतिपत्र समजावून सांगणं. तो नाही म्हणाला तर मनापासून ठीक आहे म्हणणं. बाटल्या सेंट्रिफ्यूज करून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवणं, वीज गेली की पहिला फोन जनरेटरवाल्याला. आमच्या आयसीयूत एक मावशी होत्या. त्यांना एकदा समजावलं की तासाभराचा फरक पडला तर बाटली वाया जाते. त्यानंतर त्या प्रत्येक बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहायच्या, तीही घड्याळात बघून. आम्ही रेसिडेंट 'आठच्या सुमारास' लिहायचो, मावशी '७.५०' लिहायच्या. माझ्या सगळ्या कामात ज्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते मावशींचे.

आईला सांग की पैसे खासगी प्रॅक्टिसमध्ये जास्त आहेत, हे खरंच आहे, आणि घरची गरज असेल तर तो विचार करण्यात काही गैर नाही. पण दोन दगड म्हणशील तर मला कधी तसं वाटलं नाही. वॉर्ड सोडला असता तर प्रश्न संपले असते, आणि प्रयोगशाळा सोडली असती तर रोज तीच उत्तरं देत राहिले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, नौपाड्यात राहते. लॅबवाले 'किडनी पॅकेज' घ्या म्हणून फोन करतात. तुम्ही मागे लिहिलेल्या नव्या तपासण्या त्यात असाव्यात का?
– एक वाचक, वय ७१

उत्तर : नको, ताई. एनगॅल वगैरे तपासण्या रुग्णालयात अत्यवस्थ असलेल्यांसाठी आहेत. धडधाकट माणसात त्या केल्या तर नुसती भीती पदरात पडेल. तुम्हाला वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुरे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे चुकवू नका, तुमचे डॉक्टर सांगतील तर वर्षात दोनदा करा.

तुम्ही नौपाड्यातल्या, म्हणून आणखी एक. पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या आसपास गुडघाभर पाणी साठतं. त्यातून चालत यावं लागलं, आणि त्यातही पायाला जखम असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन द्यायचं का ते तेच ठरवतील. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर अंगदुखीच्या गोळ्या घेऊन घरी थांबू नका.

आणि जुने रिपोर्ट रद्दीत देऊ नका. शेवटच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टचा तारखेसकट फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, मुलांनाही पाठवा. उद्या तुम्हाला कुठे ॲडमिट करावं लागलं, तर तुमचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.७ असतं की १.१, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच तासात हवं असेल.