दम्यात श्वासनलिकेची भिंत जाड कोण करतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाईंना बरीच वर्षं दमा आहे, साल्ब्युटामॉलच्या पंपाने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, मग रोजचा स्टेरॉइडचा पंप कशासाठी? आणि डॉक्टर म्हणाले, ‘नळ्यांच्या भिंतीत बदल झालाय’, म्हणजे काय? रिपोर्टमधले आकडे तुम्ही दिलेत: एफईव्ही-1 (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) औषधाआधी 1.62 लिटर, नंतर 1.80, पांढऱ्या पेशी 8000, त्यात इओसिनोफिल हा प्रकार 8 टक्के. घर इंदूरला, छावणीच्या धान्यमंडीजवळ. ही शेवटची माहिती तुम्ही सहज लिहिली असेल, पण ती महत्त्वाची आहे.

साल्ब्युटामॉल नळीभोवतीचा स्नायू सैल करतं, एवढंच. भिंतीची सूज, आत साचलेला चिकट कफ आणि बदललेली बांधणी या तिन्हींना ते जवळजवळ हात लावत नाही. ती मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींची करणी.

सुरुवात नळीच्या आतल्या अस्तरापासून होते. धूळ, बुरशी, परागकण किंवा सर्दीचा विषाणू आला की अस्तराच्या पेशी टीएसएलपी, आयएल-33 आणि आयएल-25 हे रासायनिक निरोप सोडतात. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे पहारेकरी पेशी, ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनाचा तुकडा लसिकागाठीत नेऊन टी पेशींना दाखवतात आणि त्यातून टीएच-2 पेशी तयार होतात. दुसरा गट आयएलसी-2 पेशींचा. यांना प्रथिन ओळखावं लागतच नाही, निरोप मिळाला की त्या कामाला लागतात. त्यामुळेच ॲलर्जीची चाचणी निगेटिव्ह आलेल्या प्रौढांतही इओसिनोफिल वाढलेले सापडतात. चाचणी निगेटिव्ह म्हणून दमाच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

या दोन्ही गटांकडून मुख्यतः तीन द्रव्यं येतात. आयएल-4 मुळे बी पेशी आयजीई ही ॲलर्जीची प्रतिद्रव्यं बनवू लागतात. आयएल-5 मुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल जास्त तयार होतात आणि जास्त दिवस टिकतात. आयएल-13 अस्तरातल्या कफ बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढवतं, स्नायूला चिडखोर करतं आणि अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवतं. फेनो नावाच्या फुंकरीच्या चाचणीत हाच वायू मोजतात. प्रौढांत 50 पीपीबीच्या (अब्ज भागांत 50 भाग) वर आकडा गेला तर इओसिनोफिलची ही सूज जोरात आहे असं धरतात, 25 च्या खाली असेल तर शक्यता कमी.

इओसिनोफिल दोन प्रकारे नुकसान करतात. त्यांच्या कणांतली प्रथिनं अस्तर सोलवटतात. शिवाय ते टीजीएफ-बीटा हा निरोप सोडतात, त्याने अस्तराखालचे फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) जागे होऊन कोलॅजन आणि टेनासिन ही चिवट प्रथिनं रचत जातात. अस्तराखालचा जाळीदार थर निरोगी माणसात साधारण 4 ते 5 मायक्रॉनचा असतो, दम्यात तो 7 पासून 20 च्याही पुढे जातो. भिंत बदलायला दहा-वीस वर्षं लागतात ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. 1 ते 3 वर्षांच्या, वारंवार घरघर होणाऱ्या मुलांच्या बायोप्सीतही (नळीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) हा थर जाड दिसला आहे.

मास्ट पेशी या ऊतींत बसणाऱ्या ॲलर्जीच्या पेशी, त्यांच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. हिस्टामाइन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन डी-2 ही नळ्या आवळणारी द्रव्यं त्या सोडतात हे पुस्तकात असतंच. खरा मुद्दा त्या कुठे बसतात हा आहे. इओसिनोफिलिक ब्राँकायटिस नावाचा एक आजार आहे. त्यात खोकला असतो, इओसिनोफिल भरपूर असतात, थरही जाड असतो, पण नळ्या दम्यासारख्या आवळत नाहीत. 2002 साली दोन्हींच्या बायोप्सींची तुलना झाली तेव्हा ठळक फरक सापडला तो हा, की दम्यात मास्ट पेशी थेट स्नायूच्या गठ्ठ्यात शिरलेल्या होत्या. त्याच स्नायूच्या पेशी दम्यात संख्येनेही वाढतात आणि आकारानेही. स्नायू जाड होतो तेव्हा किती बिघडतं याचा अंदाज घ्या: हवा संथ वाहते असं धरलं तर नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा 16 पट होतो.

त्यात भर म्हणजे, नुसतं आवळणंही भिंत बदलतं. 2011 च्या एका प्रयोगात सौम्य दमा असलेल्यांना मेथाकोलिन हे नळ्या आवळणारं औषध हुंगवून नळ्या वारंवार आवळायला लावल्या. इओसिनोफिल वाढले नाहीत, तरी कोलॅजनचा थर जाड झाला. म्हणजे ‘रोज थोडं आवळतं, पंपाने सुटतं’ हा दिनक्रम निरुपद्रवी नाही. 2019 पासून जिना ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रौढांना एकट्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असंच सांगते.

न्यूट्रोफिल (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि टीएच-17 पेशींचा दमा हा वेगळा प्रकार असतो, धूम्रपान आणि धुराशी जास्त जोडलेला. स्टेरॉइडने इओसिनोफिल मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त जगतात. सासूबाईंच्या आकड्यांवरून तो रस्ता दिसत नाही.

आता आकडे. 8000 चे 8 टक्के म्हणजे मायक्रोलिटरला 640 इओसिनोफिल. नुसता टक्का पाहू नका, असा गुणाकार करा. 300 च्या वर म्हणजे जास्तच. पण आपल्याकडे जंतांनीही हा आकडा चढतो, म्हणून शौचाची तपासणी करून घ्या. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त दिलं असेल तर आकडा खोटा कमी येतो.

एफईव्ही-1 मधली वाढ 180 मिलिलिटर, म्हणजे 11 टक्के. औषधाने नळ्या उघडतात असं म्हणायला नेहमीचा निकष 12 टक्के आणि 200 मिलिलिटर असा दुहेरी आहे, म्हणून रिपोर्टवर ‘नॉट रिव्हर्सिबल’ (औषधाने पुरेसं न सुधारणारं) आलं असणार. एवढ्यावरून घाबरू नका. चाचणीच्या 4 तास आत साल्ब्युटामॉल किंवा 24 तासांत फॉर्मोटेरॉल (जास्त वेळ टिकणारं तसंच औषध) घेतलं असेल तर फरक कमी दिसू शकतो. हे टाळून, 400 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉलनंतर 10 ते 15 मिनिटं थांबून चाचणी पुन्हा केली आणि तरीही असंच आलं, तर काही भाग कायमचा अरुंद झालाय अशी शंका घेता येईल.

रोजच्या स्टेरॉइड पंपाने लक्षणं काही दिवसांत कमी होतात, नळ्यांचा चिडखोरपणा उतरायला महिने लागतात. बरेच लोक नेमका या दोन्हींच्या मधे पंप सोडतात. वाढलेला स्नायू त्याने फारसा ओसरत नाही, हेही खरं. पंप नीट घेऊनही झटके येत असतील तर आयएल-5 अडवणारं मेपोलिझुमॅब, इओसिनोफिल संपवणारं बेनरालिझुमॅब, आयएल-4 आणि आयएल-13 दोन्ही रोखणारं डुपिलुमॅब अशी इंजेक्शनं आहेत. महाग आहेत, आणि त्याआधी पंप घेण्याची पद्धत तपासलीच पाहिजे: कोरड्या पावडरीचा पंप जोरात आणि खोल ओढायचा, फवाऱ्याचा स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सावकाश, मग 10 सेकंद श्वास धरायचा, शेवटी चूळ.

राहिली मंडी. बार्सिलोनात 1981 ते 1987 या काळात दम्याचे 26 उद्रेक झाले. बंदरात सोयाबीन उतरवताना टरफलांची धूळ शहरावर पसरत होती, धान्याच्या कोठाराला फिल्टर बसवल्यावर ते थांबले. माळव्यात सोयाबीनची आवक सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढते, लगोलग दिवाळीची झाडलोट आणि फटाके. सोयाबीन खाण्याशी याचा संबंध नाही, टरफलाची धूळ श्वासात जाण्याशी आहे. खात्री करायला पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं छोटं उपकरण) घ्या. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा, दोन आठवडे. दिवसाच्या दोन आकड्यांतला फरक भागिले त्यांची सरासरी. ही रोजची टक्केवारी सरासरीने 10 च्या वर गेली तर दमा काबूत नाही. शेजारच्या रकान्यात मंडी चालू होती की बंद तेवढं नोंदवा आणि वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.