पगारवाढ नेमकी देतंय कोण?

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. चार वर्षं एका लहान शहरात नोकरी केली. तिथे वरची जागा रिकामी होण्याची चिन्हं नव्हती, म्हणून २५ टक्के जास्त पगारावर आपल्या शहरात परत आला. सात महिने झाले. ऑफिसला जायला-यायला प्रत्येक वेळी पावणेदोन-दोन तास लागतात. घरी आला की बूटही न काढता सोफ्यावर बसून राहतो, विचारलं तर चिडतो. आता परत तिकडेच जायचं म्हणतो. घरभाडं नाही, आयतं जेवण, आपली माणसं, तरी ही कुरकुर! लाडावलाय का हा? त्याला कसं समजवावं? वडिलांनी बोलावं का? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

लाडावलेला मुलगा चार वर्षं परगावी एकट्याने राहून, घर चालवून, वरची जागा मिळत नाही म्हणून स्वतःहून नोकरी बदलत नाही. तेव्हा तो शब्द आधी बाजूला ठेवू आणि हिशेब करू.

ऑफिसचे नऊ तास दोन्हीकडे सारखेच धरते. तिकडे जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं लागत असतील असं समजू. म्हणजे नोकरीपायी दिवसाचे नऊ तास चाळीस मिनिटं जात होती. इथे प्रत्येक वेळचे एक तास पन्नास मिनिटं धरले, तरी बारा तास चाळीस मिनिटं होतात. वेळ वाढला ३१ टक्क्यांनी, पगार २५ टक्क्यांनी. नोकरीला दिलेल्या दर तासामागे त्याची कमाई साडेचार टक्क्यांच्या आसपास घटली आहे. त्याने हे कागदावर मांडलं नसेल, पण सोफ्यावर बसतो तेव्हा अंगाला ते कळत असतं.

आता भाडं. समजा, तिकडे पगार शंभर होता आणि भाड्याला वीस जात होते. हातात ऐंशी. इथे पगार सव्वाशे. पण ऑफिसजवळ एकट्याने घर घ्यायचं म्हटलं आणि भाड्यात ४० टक्के गेले (महागड्या शहरात हे अजिबात नवल नाही), तर हातात पंच्याहत्तर राहतात. पूर्वीपेक्षा कमी! म्हणजे आज जी पगारवाढ दिसतेय, ती कंपनी देत नाहीये ताई, तुम्ही देताय. तुमची खोली, तुमचा स्वयंपाक आणि त्याचे रोजचे साडेतीन तास, यांवर ती उभी आहे. नोकरी बदलताना नवा पगार बघतात सगळेच. घरचा दरवाजा ते ऑफिसचा दरवाजा किती वेळ, हे विचारणारे माझ्याकडे येणाऱ्यांत फार थोडे असतात.

प्रवासाची माणसाला सवय होते, असं आपण म्हणतो. स्वित्झर्लंडमधल्या अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहणीची माहिती तपासली. २००८ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी होते, आणि जास्त पगाराने किंवा चांगल्या घराने ती कसर पुरती भरून निघत नव्हती. त्यात गर्दीच्या शहराचा आणखी एक जाच असतो, बेभरवशाचा. रोज नेमके दोन तास लागले तर माणूस बेत तरी आखतो. आज सव्वा तास, उद्या अडीच, मग धड व्यायामाची वेळ ठरत नाही की कुणाला भेटायची.

आणि हे आपलंच शहर आहे, हे जास्त खुपतं. परक्या गावी गैरसोय झाली तर माणूस ती धरूनच चालतो. आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये, युद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्ताने, यावर लिहिलं होतं : परतणाऱ्याला वाटतं आपण ओळखीच्या जागी चाललोय, पण मधल्या काळात घरही बदललेलं असतं आणि तोही. तुमचा मुलगा शाळा-कॉलेजातल्या शहरात परत आला. ते शहर त्याने नोकरदार म्हणून सकाळी साडेआठला कधी पाहिलंच नव्हतं. मित्र पांगलेले, त्यांची लग्नं झालेली. घरात मात्र तो पुन्हा कॉलेजातलाच मुलगा. (रस्त्यात असताना ‘कुठे पोचलास?’ असे फोन जात असतील, तर ते आधी बंद करा. उशीर झालाय हे त्याला ठाऊक असतं.)

तरीही त्याने लगेच परत जावं, असं मला वाटत नाही. ज्या कारणाने ती नोकरी सोडली, ते कारण तिथेच बसून आहे. वरची जागा अजूनही भरलेलीच असणार, आणि वर्षाच्या आत दुसरा बदल बायोडेटावर दिसला की प्रत्येक मुलाखतीत त्याचा खुलासा करत बसावं लागेल. आधी याच नोकरीत वेळ सोडवून घेता येतो का ते बघू दे.

मॅनेजरशी बोलायला जाताना ‘प्रवासाचा फार त्रास होतो’ असं म्हणू नये. तो त्रास मॅनेजरलाही होतो, त्यामुळे सहानुभूती मिळते, दुसरं काही नाही. नेमकी मागणी न्यावी : साडेसात ते साडेचार ही वेळ, आठवड्यातून दोन ठरलेले दिवस घरून काम, सहा आठवडे करून बघू. टीमच्या मीटिंगा कधी असतात, रिलीजच्या (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडण्याच्या) आठवड्यात काय करायचं, घरून काम करताना टेस्टिंगची उपकरणं लागतील का, या तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे तयार हवीत. बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करून ठेवावा.

नाहीच जमलं, तर याच शहरात दुसरी नोकरी, पण कंपनीच्या नावाआधी ऑफिसचा पत्ता बघून. ऑफर स्वीकारण्यापूर्वी एकदा ऐन गर्दीच्या वेळी, कामाच्या दिवशी, तिथवर जाऊन यायचंच. रविवारी दुपारी नकाशावर दिसणारी वेळ धरू नये.

तिसरा मार्ग तुम्हाला रुचणार नाही, तरी लिहिते. ऑफिसजवळ एखाद-दोघांबरोबर भाडं वाटून राहायचं, शनिवार-रविवार घरी. एकट्याने घर घेणं परवडत नाही हे वर पाहिलंच. पण वाट्याला वीस-पंचवीस आले तर सव्वाशेतले शंभर हातात राहतात, आणि रोजचे तीन तास सुटतात. ‘आई-वडील याच शहरात असताना वेगळं कशाला?’ असं नातेवाईक विचारतील. विचारू देत. दोन दिवस बोलका मुलगा घरी असणं हे सात दिवस चिडलेल्या मुलापेक्षा मला बरं वाटतं.

वडिलांनी समजवावं का? नको. ‘आमच्या वेळी आम्हीही केलं’ या वाक्याच्या पुढे ते बोलणं सहसा जात नाही. वरचा हिशेब मी तुमच्या आकड्यांवरून आणि माझ्या अंदाजावरून मांडलाय. त्याला त्याचे खरे आकडे घालून तो स्वतः करू दे. मॅनेजरचं उत्तर आलं की पुढचं पत्र त्यानेच लिहावं, आणि त्यात सध्याच्या नोकरीत वरची जागा कधी आणि कशी मिळते, हेही विचारून कळवावं. तिथेही वाट बंद असेल, तर माझा सल्ला बदलेल.