निसर्गाच्या मर्यादेत राहून अर्थव्यवस्था चालवता येते का?

येते, पण त्यासाठी आधी हिशोबाची पद्धत बदलावी लागते. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांचे नियम मला आजही सगळ्यात पटतात: जंगल, मासे, भूजल जेवढं भरून येतं तेवढंच वापरा, निसर्गाला पचेल तेवढाच कचरा नि धूर सोडा, आणि खनिज तेलासारखे साठे पर्याय उभे राहतील त्याच गतीने उपसा.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा बघा. मोठे ट्रॉलर (जाळं ओढत मासे पकडणारी जहाजं) आले आणि १९६८ मध्ये पकड ८ लाख टनांवर गेली. जीडीपीत ती कमाई म्हणूनच धरली गेली. प्रत्यक्षात मुद्दल संपत होतं. १९९२ मध्ये कॅनडाला तिथली व्यावसायिक कॉडमासेमारी थांबवावी लागली, हजारो लोकांचा रोजगार गेला, आणि बंदी उठायला २०२४ उजाडलं. एवढी वर्षं!

नुसती कार्यक्षम यंत्रं आणून भागत नाही. इंजिनं सुधारली की कोळसा उलट जास्त जळतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून माझ्या मते एकूण उपशावर आणि उत्सर्जनावर कायद्याने कमाल मर्यादा हवी. त्या मर्यादेतले परवाने विकून मिळणारा महसूल आधी मर्यादेमुळे आटणाऱ्या धंद्यांतल्या कामगारांना नवं काम मिळवून देण्यासाठी वापरावा, नाहीतर लोक अशा मर्यादेला साथ देणार नाहीत.