‘सिस्टीम’ची काय व्यवस्था लावायची?

प्रश्न असा आलाय: एका संस्थेच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेचं पत्रक मराठीत करायचंय. विषय ‘डिझाइन फॉर सिस्टीम्स चेंज’. ‘प्रणाली-परिवर्तनासाठी अभिकल्प’ चालेल का?

चालेल, पण वाचून कोणी येणार नाही.

आधी प्रणाली. संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली. पागोळ्यांचं पाणी धरणारी आपली पन्हळ त्याच कुळातली. विषयाशी हे छानच जुळतं, कारण या विषयाच्या अमेरिकन अभ्यासक डोनेला मेडोजही सिस्टीम समजावताना टबाचं उदाहरण घेतात: नळातून येणारं पाणी, तळातून जाणारं आणि मधे साठलेलं. पण आजच्या कानाला प्रणाली म्हणजे करप्रणाली, मतदानप्रणाली, नाहीतर थेट संगणक. पाणीपुरवठ्यावरच्या अशाच एका कार्यशाळेत फळ्यावर ‘प्रणाली’ वाचून शेजारच्या ताईंनी मला हळूच विचारलं होतं, “कॉम्प्युटर शिकवणारेत का हो?” त्याच ताई अर्ध्या तासाने टाकी, मोटार, वायरमन आणि थकलेली पाणीपट्टी अशी कार्डं सुतळीने एकमेकांना बांधत होत्या. त्यांना विषय कळला होता, शब्द तेवढा आडवा आला. ‘यंत्रणा’ही नको, तिला सरकारी वास आहे, आणि हिंदीत तर ती यातनाच.

म्हणून व्यवस्था. जेवणाची व्यवस्था, अर्थव्यवस्था, जातिव्यवस्था, सगळं या एका शब्दात मावतं. शिवाय व्यवस्था ‘लावतात’. म्हणजे ती कोणीतरी लावलेली आहे, हे क्रियापदच सांगून जातं. फक्त तिला ‘परिवर्तन’ जोडू नका. जोडलंत की सभेतली घोषणा ऐकू येते.

‘अभिकल्प’ मराठीत फारसा रुळलेलाच नाही. सरकारदरबारी डिझाइनला संकल्पचित्र म्हणतात. नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. धरणाच्या कामात तो शब्द चपखल. इथे मात्र चित्र काढून भागत नाही. करून बघायचं, मोडायचं, पुन्हा करायचं. मला मनातून ‘बेतणे’ आवडतं. शिंपी आधी अंगाचं माप घेतो, मग कापड बेततो. पण ‘व्यवस्था बेतली’ म्हटलं की पुढे ‘जिवावर’ आहे की काय असं वाटतं! तेव्हा डिझाइनच राहू द्या.

पत्रकात ‘लीव्हरेज पॉइंट’चा, म्हणजे जिथे थोडं हलवलं की सगळी व्यवस्था हलते त्या जागेचा, ‘उत्तोलन बिंदू’ही झालाय. मेडोज यांनी १९९९ मध्ये अशा १२ जागांची उतरंड मांडली. पाणीपट्टीचा दर थोडा वरखाली करणं तिच्यात तळाशी येईल. ‘पाणी कुणाचं’ ही मुळातली समजूत बदलणं वरच्या टोकाला. याला मराठीत ‘कळीची जागा’ म्हणा. ‘मेख’ही सुचते, पण ‘खरी मेख इथे आहे’ म्हणताना आपण अडचण दाखवतो. कळ दाबली की काहीतरी हलतं.

एकूण, ‘व्यवस्था बदलताना: डिझाइनची कार्यशाळा’ असं छापा. आणि तेवढं ‘प्रतिभागी’ खोडून ‘सहभागी’ करा, तो हिंदीतून आलेला पाहुणा आहे.