विषाणूसंसर्गानंतर कान बंद झाला तर

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी मला सर्दी-ताप झाला होता. ताप उतरला, पण चार दिवसांपासून डाव्या कानाला दडे बसले आहेत, आत सतत शिटीसारखा आवाज येतो आणि फोन त्या कानाला लावला तर बोलणे समजत नाही. सर्दीमुळे झाले असेल, आपोआप सुटेल, असे घरचे म्हणतात. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : वाट पाहू नये. आज किंवा उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजेच श्रवणचाचणी, करून घ्यावी.

घरच्यांचा तर्क निराधार नाही. सर्दीत घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी सुजते, कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो आणि ऐकू कमी येते; असा कान बहुतेक वेळा काही आठवड्यांत मोकळा होतो. परंतु अंतर्कर्णाला इजा झाली तरीही रुग्णाला कान बंद झाल्यासारखेच वाटते, आणि याच साम्यामुळे मोलाचे दिवस वाया जातात. तोंड मिटून गुणगुणून पाहा : आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा आला तर दोष बहुधा मध्यकर्णात असतो, चांगल्या कानाकडे गेला तर अंतर्कर्णाविषयी शंका घ्यावी. तज्ज्ञ ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवून हेच पाहतात. मात्र या घरगुती पडताळ्यावर विसंबून चाचणी टाळू नये.

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात ध्वनिकंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या केशपेशी असतात, आणि त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गालगुंडाचा विषाणू बहुधा एकाच कानाची श्रवणशक्ती हिरावतो, तर गोवरामुळे दोन्ही कान बाधित होऊ शकतात. या दोहोंपासून लसीने संरक्षण मिळते. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षे दबून राहून पुढे नागिणीच्या रूपाने उफाळतो, आणि तो कानाजवळच्या मज्जातंतूत जागा झाला तर कानावर फोड, चेहऱ्याचा लकवा, चक्कर आणि बहिरेपणा अशी लक्षणे दिसू शकतात. यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

72 तासांच्या आत सलग तीन कंप्रतांवर, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, ऐकण्याच्या क्षमतेत 30 डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचे एकक) किंवा अधिक घट झाली, तर तिला आकस्मिक श्रवणऱ्हास म्हणतात. अनेकदा त्याचे निश्चित कारण सापडत नाही. विषाणूसंसर्ग हे संशयित कारणांपैकी एक आहे. स्टेरॉइडचा, म्हणजे सूज कमी करणाऱ्या औषधाचा, उपयोग व्हायचा असेल तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास अधिक संभवतो, म्हणून माझा आग्रह घाईचा आहे. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही, किंवा मधुमेहासारख्या कारणाने त्या देणे अडचणीचे असले, तर तेच औषध कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात इंजेक्शनने देता येते. श्रवणमज्जातंतूवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सुचवला जाईल. त्याने घाबरून जाऊ नये, अशी गाठ थोड्याच रुग्णांत सापडते. काहींची श्रवणशक्ती उपचाराविना परतते हेही खरे, परंतु ती कोणाची परतेल हे आधी सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या बाळाला जन्मतः सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा संसर्ग असल्याचे निदान झाले. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत ते उत्तीर्ण झाले, तरी डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावतात. याची गरज आहे का?

उत्तर : निश्चित आहे. या संसर्गामुळे येणारा बहिरेपणा जन्मतः नसूनही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी प्रकट होऊ शकतो, आणि असलेला वाढतही जाऊ शकतो. म्हणून पहिल्या चाचणीचा अर्थ त्या दिवशी कान ठीक होते, एवढाच. बोलणे शिकण्याच्या वयात थोडीशी घटही महागात पडते आणि मूल स्वतः तक्रार करू शकत नाही. तपासणीची एकही तारीख चुकवू नका, आणि प्रत्येक चाचणीचा अहवाल जपून ठेवा, कारण पुढचे निष्कर्ष आधीच्या अहवालांशी ताडूनच ऱ्हास ओळखता येतो.