बुटांची किंमत आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर

परदेशात जायचं ठरलेले किंवा नुकतेच गेलेले लोक माझ्याकडे समुपदेशनाच्या सेशनला आले की एक प्रश्न हमखास निघतो, पगाराचा आकडा तर मोठा दिसतोय पण तिथे पुरणार का हो ताई? यावर एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दोघांना तिकडे जाऊन चार महिने झाले होते. सेशन तिने मागितलं होतं, कारण काय तर झोप लागत नाही. दहा मिनिटांत कळलं की मामला झोपेचा नाहीये, मुलाच्या बुटांचा आहे. बूट आखूड झालेले, पोरगं आत बोटं दुमडून चालायचं, आणि ही तीनदा दुकानात जाऊन, बूट हातात घेऊन, मोबाइलवर किमतीला एक्स्चेंज रेटने गुणून, बूट परत रॅकवर ठेवून घरी आली होती. तिसऱ्या वेळी मुलगाच म्हणाला, राहू दे गं आई, मला एवढं टोचत नाही. हे सांगताना तिला पुढे बोलताच येईना.

आणि नवरा बरोबर उलटा. त्याला सगळं स्वस्तच दिसायचं, कारण तिथल्या चलनात आकडे छोटे. कार्ड काढलं की स्वाइप. तो काही बेफिकीर माणूस नव्हता हां, हे भल्याभल्यांचं होतं. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन संशोधकांनी २००२ मध्ये हेच दाखवलं होतं, परक्या चलनात खर्च करताना आपण किमतीवर छापलेल्या आकड्यालाच चिकटून राहतो, आकडा छोटा असेल तर हात सैल सुटतो आणि मोठा असेल तर आखडतो. म्हणजे एकाच घरात एक जण गुणून गुणून घाबरलेली आणि दुसरा आकडा बघून निर्धास्त, मग रोज भांडण होणार नाही तर काय होणार.

मी काही पैशांची एक्स्पर्ट नाही, पण एक गोष्ट तिला समजावून सांगावीच लागली. एक्स्चेंज रेट दोन चलनांचा भाव सांगतो, दोन ठिकाणच्या जगण्याचा नाही. लॅपटॉप बोटीत घालून कुठेही नेता येतो म्हणून त्याची किंमत देशोदेशी फार बदलत नाही, पण केस कापणं, पाळणाघर, नळ दुरुस्ती हे कुठून मागवणार? तिथल्याच माणसाने करायचं आणि त्याला तिथलाच पगार द्यायचा, त्यामुळे जिथे पगार जास्त तिथे हे सगळं महाग. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये, दोघांनी वेगवेगळं, हे मांडून ठेवलंय. ती मात्र न्हाव्याचं बिल गुणून बघायची आणि मग रात्रभर जागी.

मग गुणाकार बंद आणि तास सुरू. हातात येणारा पगार, ऑफर लेटरवरचा नाही, टॅक्स आणि बाकीची कपात जाऊन बँकेत पडतो तो, भागिले महिन्यात कामाचे तास. ही झाली घराची एका तासाची कमाई. बूट निघाले सव्वादोन तासांचे. इकडे असताना तसेच बूट साधारण पाच तासांना पडायचे. ती गप्प बसून राहिली, मग म्हणाली, पण ताई ते तास त्याचे आहेत, माझे नाहीत. खरी गाठ इथे होती. ती स्वतःची नोकरी सोडून गेली होती, आणि कमवत नाही तर खर्च कुठल्या तोंडाने करू हे तिने कोणालाच बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पुढची दोन सेशन्स याच्यावरच गेली, कॅल्क्युलेटर कुठे लागलाच नाही.

नवऱ्यालाही तेच गणित करायला लावलं. महिन्यातले पहिले बारा दिवस तो फक्त घरभाड्यासाठी कामाला जातो आणि पुढचे सहा गाडी आणि फोनच्या हप्त्यांसाठी, हे कागदावर बघितल्यावर साहेब जरा शांत झाले.

अजून एक घोळ होता, सुरुवातीच्या महिन्यांचा. डिपॉझिट, गाद्या, भांडी, थंडीचे कपडे, सगळं एकदम अंगावर येतं, शिवाय इथला क्रेडिट स्कोअर सहसा तिकडे चालत नाही म्हणून घरमालक कधी कधी जास्त आगाऊ रक्कम मागतो. हिने तोच खर्च दर महिन्याचा धरून वर्षाचा हिशोब मांडला होता, घाबरणारच की. एकदाच होणारे खर्च वेगळ्या पानावर लिहायला सांगितले. आणि जे आधी फुकट मिळायचं, आजीने मूल सांभाळणं वगैरे, तेही लिहायला सांगितलं, कारण ते कुठल्याच बजेटमध्ये नसतं आणि तिकडे गेल्यावर बिल बनून समोर येतं.

सगळ्यांचीच भीती अशी हिशोबाने निघून जात नाही. दुसऱ्या एकाचा तासांचा हिशोब निघायच्या आधीच केला तर पगार खरंच कमी पडत होता, तिथे मी धीर वगैरे दिला नाही, सही करायच्या आधी परत बोलून घ्या म्हटलं.

घरी पैसे पाठवताना मात्र खुशाल गुणा. तिथे फी दिसते पण एक्स्चेंज रेट कमी देऊन कापलेले पैसे दिसत नाहीत, आणि वर्ल्ड बँकेच्या हिशोबाने २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी ६ टक्क्यांच्या वर खर्च येतो, २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं टार्गेट आहे. हे ऐकून तिने चार ठिकाणचे रेट काढले आणि नवऱ्याची पाठवायची पद्धत बदलून टाकली.

शेवटच्या सेशनला मुलगा मागून पळत गेला, पायात नवे बूट. घरात बूट घालून कशाला पळतोय म्हणून ती ओरडली त्याला. किमतीचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.